छोट्या लॅपटॉपवर डिझाईन सॉफ्टवेअरची पॅनल्स कशी आवरायची

मुंबईत डिझाईन शिकणाऱ्या बऱ्याच पोरापोरींकडे एकच लॅपटॉप असतो, दुसरा मॉनिटर ठेवायला घरात जागा कुठून आणायची, त्यामुळे मोठ्या स्क्रीनच्या हिशोबाने मांडलेली पॅनल्स (कडेच्या टूल्स-सेटिंग्जच्या पट्ट्या) आपल्याला जड जातात. काम हळू होतंय म्हणून स्वतःला बोल लावू नका, आधी जागा मोजा. 1366 बाय 768 चा स्क्रीन घ्या, फिग्मात (ब्राउझरमध्येही चालणारं डिझाईन सॉफ्टवेअर) डावीकडचं आणि उजवीकडचं पॅनल साधारण 240-240 पिक्सेल धरलं तर 480 गेले, मधे उरले 886. उंचीतून ब्राउझरचे टॅब आणि टास्कबार अजून खातात, मग 360 बाय 800 ची मोबाईल फ्रेम (मोबाईल स्क्रीनच्या मापाची चौकट) शंभर टक्क्यांवर अख्खी दिसणारच नाही. फुल एचडी लॅपटॉप असेल तरी विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची ती सेटिंग) बघा, 150 टक्के असेल तर प्रत्यक्षात 1280 बाय 720 एवढीच जागा मिळते. 125 करून बघा, डोळ्यांना झेपलं तर तेच ठेवा.

मग पॅनल्स घालवायला शिका. फिग्मात कंट्रोल-बॅकस्लॅश (मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड), सगळं गायब, परत दाबलं की हजर. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, गिम्प, तिन्हीत टॅब. फोटोशॉपमध्ये शिफ्ट-टॅब केलं तर टूलबार तेवढा राहतो. टॅबची की चुकून दाबली गेली की नवीन माणूस घाबरतो, पॅनल्स गेली कुठे म्हणून सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करायला निघतो, तर आधी एकदा टॅब दाबा. तरी मांडणी विस्कटलेलीच असेल तर फोटोशॉप, इलस्ट्रेटरमध्ये विंडो मेनूत वर्कस्पेस (पॅनल्सची मांडणी), तिथे रिसेट. त्यानंतर नको ती पॅनल्स बंद करा, लेयर्स, प्रॉपर्टीज, कॅरेक्टर एवढीच ठेवा आणि न्यू वर्कस्पेस करून नाव देऊन सेव्ह करा, हे जरूर करा.

खरा त्रास लेयर्सच्या पॅनलमध्ये आहे, म्हणजे डिझाईनमधल्या प्रत्येक घटकाच्या यादीत. समजा सरावाला लोकलच्या टाइमटेबलचा स्क्रीन करताय. फिग्मात टेक्स्ट लेयरला आतल्या मजकुराचंच नाव आपोआप पडतं, आणि फ्रेममध्ये फ्रेम, त्यात ग्रुप असं होत गेलं की नाव उजवीकडे सरकत जातं, मग यादीत दिसतं काय तर 'प्लॅटफॉर्म क्रमां…', खाली परत 'प्लॅटफॉर्म क्रमां…', असे चार. वेगळा असतो तो आकडा आणि नेमका तोच कापला जातो! म्हणून वेगळेपण नावात पुढे आणा, '1 प्लॅटफॉर्म', '2 प्लॅटफॉर्म'. कंट्रोल-आर ने नाव बदलतं, एकदम बरेच लेयर्स सिलेक्ट केले असतील तर सगळ्यांना ओळीने नंबरही देता येतात. ऑल्ट-एल ने यादीत उघडलेले सगळे फ्रेम-ग्रुप मिटतात. आणि यादीत शोधत बसूच नका, कॅनव्हासवरच कंट्रोल धरून क्लिक करा, थेट आतला लेयर पकडला जातो, शिफ्ट-एंटर ने एक पायरी बाहेर, एंटर ने आत.

फिग्मातल्या उजवीकडच्या पॅनलची अडचण वेगळी. सिलेक्शन बदललं की त्यातले विभाग बदलतात, त्यामुळे फिल (रंग भरायचा विभाग) आत्ता इथे होतं आणि टेक्स्ट निवडला की खाली गेलं, हाताला सवय लागतच नाही. इथे माउस कमी करा. आकड्याच्या खान्यात 360-32 असं सरळ टाइप केलं तरी चालतं, शिफ्ट धरून बाण दाबला की दहा-दहाने बदलतं, टॅबने पुढच्या खान्यात. कमांड सापडत नसेल तर कंट्रोल-के दाबून नाव टाइप करा. रंगाची खिडकी डिझाईनवरच येऊन बसली तर वरची पट्टी धरून बाजूला ओढा.

एवढं करूनही अडत असेल तर कंपनीला कळवा, मनापासून सांगतोय, उपयोग होतो. फिग्माने जून 2024 मध्ये तरंगती पॅनल्स आणली, लोकांनी तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी ती परत कडेला चिकटवली. पण 'पॅनल वाईट आहे' असं लिहून भागत नाही. स्क्रीनचा साईझ, स्केलिंग किती, काय करायचं होतं, किती क्लिक लागले आणि सोबत अख्ख्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट, आणि तो काढताना फाईलमध्ये मराठी नावंच राहू द्या, म्हणजे कापलेली दिसतील.