मलावीच्या खेड्यात शिकवायला निघालात? या चुका टाळा

मलावीला स्वयंसेवक शिक्षक म्हणून निघालेल्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कुकर नेऊ का?" न्या. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे असतात, तेवढा अडॅप्टर घ्या. सामानाचा विषय संपला. सामानात काही चुकलं तर राजधानी लिलोंग्वेच्या बाजारात एका दिवसात निस्तरता येतं. ज्या चुका निस्तरत नाहीत त्या वेगळ्याच आहेत, आणि वर्षानुवर्षं त्याच त्याच बघून मी कंटाळले आहे. बहुतेकींच्या मुळाशी लवकरात लवकर उपयोगी पडून दाखवायची घाई असते.

पंपाचे पैसे खिशातून भरणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

मलावीच्या खेड्यात पाणी बहुधा बोअरच्या हातपंपाचं. पंप बऱ्याच ठिकाणी आफ्रिदेव जातीचा. गावकऱ्यांना एका पान्याने उघडता यावा अशीच त्याची रचना केलेली आहे. रबरी सील झिजतात, दांड्या तुटतात, आणि त्या गावानेच बदलायच्या असतात. त्यासाठी पंपाची पाणी समिती असते, ती घराघरातून थोडी थोडी वर्गणी गोळा करते. (हातपंपाच्या बाबतीत सोलापूरकरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. जगभर गेलेला इंडिया मार्क टू सोलापूर पंपावरूनच तयार झाला. पण म्हणून मलावीतला पंप आपल्या मालकीचा होत नाही.)

डेड्झा जिल्ह्यात माझ्या शेजारच्या शाळेवर पुण्याचा एक मुलगा आला. हुशार, कष्टाळू, मनाने चांगला. ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, शाळेजवळचा पंप बंद पडला. समितीची बैठक ठरली, गावात मयत झाली म्हणून पुढे गेली, मग वर्गणी अर्धीच जमली. बायका पहाटे उठून ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डे करून पाणी भरू लागल्या. याला ते बघवेना. शनिवारी बोमाला, म्हणजे जिल्ह्याच्या गावी गेला, सील आणि दांड्या घेऊन आला, मेकॅनिकची मजुरीही त्यानेच दिली. संध्याकाळी पाणी आलं. बायकांनी गाणी म्हटली, याने व्हिडिओ काढला, पुण्यात वाहवा झाली.

पुढच्या खेपेला पंप बिघडला तेव्हा समितीने बैठकच बोलावली नाही. कशाला बोलावतील? उलट ज्यांनी आधी वर्गणी दिली होती ते परत मागायला आले. काम सरांनी फुकट केलं, मग आमचे पैसे गेले कुठे? खजिनदार बाईंनी कित्येक वर्षं क्वाचा क्वाचा (तिथलं चलन) जमवून चोख हिशेब ठेवला होता. पैसे खाल्ल्याचा संशय नेमका त्यांच्यावर आला आणि त्यांनी काम सोडलं. सर तेव्हा सुट्टीत मलावी सरोवरावर गेलेले. गाव त्यांची वाट बघत बसलं आणि पंप तसाच पडून राहिला.

"ताई, किरकोळ पैशांसाठी बायकांना वणवण करू द्यायची होती का?" असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हो, अजून चार-सहा दिवस. तो चिडला. मला मात्र आजही तेच वाटतं. ती समिती तिथे आपल्या आधीपासून होती आणि आपण गेल्यावरही तिलाच पंप चालवायचा होता.

माझी पद्धत साधी होती. शिक्षकांच्या एका घराला जेवढी वर्गणी, तेवढीच द्यायची, वेळेवर द्यायची आणि दुरुस्तीच्या दिवशी दांड्या वर ओढायला हात लावायचा. फुटबॉल, सौर दिवे, पुस्तकांचे खोके यांनाही हाच नियम. पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणी काढायचा मोह पहिल्या वर्षी तरी आवरा.

गावप्रमुखाला न भेटता कामाला लागणं

मुख्याध्यापकांना सोबत घेऊन आधी गावप्रमुखाकडे जायचं. साखर-साबण असं काही न्या, देताना उजव्या हाताला डाव्या हाताने आधार द्या आणि बसायला सांगतील तिथे बसा. हा निव्वळ उपचार आहे असं समजणाऱ्यांना मी डेड्झाच्याच वरिष्ठ प्रमुख राहिलेल्या थेरेसा काचिन्दामोतो यांचं उदाहरण देते. त्यांनी शेकडो बालविवाह रद्द करून मुलींना शाळेत परत पाठवलं. तुमच्या वर्गातली मुलगी अचानक यायची बंद झाली तर तिच्या घरी कुणाचा शब्द चालेल, तुमचा की प्रमुखांचा?

नमस्कार-चमत्काराचंही तेच. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला "मुली ब्वांजी?" (कसे आहात?) विचारायचं, त्याचं "न्दिली ब्विनो, काया इनु?" (मी बरा आहे, तुम्ही?) पूर्ण ऐकायचं, आपलं उत्तर द्यायचं, मग कामाचं बोलायचं. उशीर होतो? मग घरातून लवकर निघा. आणि चिचेवा, म्हणजे ही भाषा, शिकायच्या आधी आपलं गाव कुठे आहे ते बघा. उत्तरेला नेमणूक असेल तर तुम्हाला चितुम्बुका ही तिकडची भाषा लागेल.

"समजलं का?"

माध्यमिक वर्गात तुम्ही इंग्रजीत "समजलं का?" विचाराल आणि सगळा वर्ग एका सुरात "येस, सर" म्हणेल. यातून तुम्हाला काहीही कळलेलं नसतं. मुलांचं सुरुवातीचं शिक्षण चिचेवात झालेलं असतं, त्यात आपलं भारतीय इंग्रजी, तेही भरधाव. शिवाय सरांना "नाही" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. मी हा प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं. फळ्यावर एक गणित मांडायचं, शेजारच्या दोघांनी मिळून सोडवायचं आणि आपण बाकांमधून फिरायचं. कोण कुठे अडलंय ते वहीत दिसतं. पाठ्यपुस्तकं बहुतेकांकडे नसतात, तेव्हा फळ्यावरचं अक्षर मोठं आणि सुटं काढा. ते जे उतरवून घेतील तेच त्यांचं पुस्तक.

एनसीईआरटीची पुस्तकं बॅगेत भरून नेणाऱ्यांना हात जोडून विनंती: वजन वाचवा. तिथल्या परीक्षा मंडळाच्या, मानेबच्या, जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, सोनं आहे ते. गुणपत्रिका वाचायलाही आधी शिका. चौथ्या फॉर्मच्या, म्हणजे माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाच्या, एमएससीई परीक्षेत विषयाला १ मिळणं सर्वोत्तम आणि ९ म्हणजे नापास. एका उत्साही गुरुजींनी नऊ पडलेल्या मुलाचं भर वर्गात टाळ्या वाजवून कौतुक केलं होतं.

प्राथमिक शाळेत जाणार असाल तर शिक्षण १९९४ पासून मोफत आहे आणि खालच्या वर्गात शंभराच्या वर मुलं असणं नवलाचं नाही, हे जाण्याआधी मनाशी पक्कं करा. झाडाखालचा वर्ग बघून फोटो काढत बसू नका.

मुलांना आळशी ठरवणं

जानेवारी ते मार्च हे भुकेचे महिने. आदल्या वर्षीचा मका संपलेला, नवा एप्रिलच्या सुमारास निघणार, आणि बाजारात भाव चढलेले. मुलं दुपारी पेंगतात, काही येतच नाहीत. नेमका याच काळात नवा शिक्षक जादा तास लावतो आणि मुलांना शिस्त नाही म्हणून वैतागतो. जादा तास कापणीनंतर घ्या. या दिवसांत अवघड धडा सकाळच्या पहिल्या तासाला उरकायचा. छडी मनातही आणू नका, शाळेत मारायला तिथे बंदी आहे.

मयतीचंही असंच. गावात कुणी गेलं की शाळा ओस पडते, शिक्षकही उठून जातात. "माझा अभ्यासक्रम मागे पडला" अशी तक्रार स्टाफरूममध्ये करणारे मी पाहिले आहेत. तुम्हीही जा. बायका बायकांत बसतात, पुरुष पुरुषांत. मक्याचं पीठ नाहीतर थोडे पैसे द्या आणि गप्प बसा. तुम्ही आला होतात, हे गाव लक्षात ठेवतं.

थोडक्यात उरकण्यासारखं

कपडे इस्त्रीचे हवेत. तिथले शिक्षक कमी पगारातही टापटीप राहतात, आपणच कळकट टी-शर्टात जातो. बायकांनी गुडघे झाकावेत. पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत बायकांना पँट घालायला कायद्यानेच बंदी होती. तो कायदा गेला, तरी खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या नजरेतून अजून पुरता गेलेला नाही. सलवार-कमीज उत्तम, वरून चितेंजे (तिथलं कमरेला गुंडाळायचं छापील कापड) गुंडाळलं तर आणखी उत्तम.

एटीएम बोमाला असतं, तेही कधी रिकामं. मोबाइलवरून पैसे द्यायला-घ्यायला एअरटेल मनी किंवा एमपाम्बा पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही. मक्याची घट्ट न्सिमा आपल्या उकडीसारखीच हाताने खायची, सोबत घेवड्याचे दाणे किंवा शेंगदाण्याचं कूट घातलेली भोपळ्याच्या पानांची भाजी. पण दर शनिवार-रविवारी वरणासाठी ब्लँटायर शहरातल्या लिंबे भागातल्या गुजराती घरांकडे पळू नका. तिथे भारतीय म्हणजे दुकानदार हे समीकरण आधीच पक्कं आहे. सुट्टीच्या दिवशी गावात दिसलात तरच ते थोडं सैल होतं.

मुख्याध्यापकांना डावलून जिल्हा कार्यालयाला मेसेज करू नका.

"आम्ही मलेरिया पाहिलाय"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकल्याबरोबर डोकं फिरतं. तिथला मलेरिया बहुतांश फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी सुरू करा आणि परतल्यावरही ते सांगतील तितके दिवस घ्या. मच्छरदाणी रोज, थंडीतसुद्धा. ताप आला की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासायचं.

सरोवरात पोहायचं तर बिलहार्झिया समजून घ्या. गोगलगायींतून पाण्यात येणारा हा कृमी आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, जरी रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी गाव त्यासाठी वैद्यकीय पुस्तकांत नोंदलं गेलंय. पोहल्यानंतर काही आठवड्यांनी तपासणी करून घ्या, उपचार प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांचा असतो आणि सोपा आहे. आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून विमान असेल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचा, कारण तिचं प्रमाणपत्र भारतात परततानाही मागतात. आणि घरी आल्यावर पुढचे काही महिने कधीही ताप आला, तर डॉक्टरांना लक्षणांच्या आधी मलावीहून आल्याचं सांगा.