छताचे शीथिंग: शिक्का वाचल्याशिवाय शीट ठोकू नका

अमेरिकेत लाकडी छताच्या वाशांवर प्लायवूड किंवा ओएसबीच्या (लाकडाच्या चकत्या डिंकाने दाबून केलेल्या) शीट ठोकून जो थर तयार करतात त्याला शीथिंग म्हणतात, आणि त्याचे नियम तेथील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या आयआरसी या निवासी बांधकाम संहितेच्या आठव्या प्रकरणात दिलेले आहेत.

बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: शीट केवळ जाडी पाहून निवडली जाते. संहितेला जाडीबरोबरच शीटवरचा प्रतीचा शिक्का हवा असतो. त्यावर ‘32/16’ असे दोन आकडे असतील तर पहिला आकडा छताच्या आधारांमधील कमाल अंतर इंचांत सांगतो आणि दुसरा जमिनीच्या आधारांमधील. मात्र हे 32 इंच दोन वाशांच्या मधल्या भागात शीटच्या कडांना (क्लिप किंवा लाकडी ठोकळ्याचा) आधार असेल तरच लागू होतात. कडा मोकळ्या राहिल्यास मर्यादा 28 इंचांवर येते, आणि ‘24/0’ शीटची तर 24 वरून 20 वर. वाशांमध्ये छत खचलेले दिसते तेव्हा अनेकदा कारण इथेच सापडते. शीटची लांब बाजू वाशांना काटकोनात न ठेवणे हेही असेच कारण आहे, कारण तिची ताकद लांबीच्या दिशेने अधिक असते.

‘एक्स्पोजर 1’ हा शिक्का कायम उघड्या हवेत राहणाऱ्या शीटसाठी नाही. त्याचा अर्थ बांधकाम रेंगाळले तर भिजण्याला डिंक टिकेल एवढाच. उघड्या वळचणीला, जिथे फक्त खालची बाजू दिसते, तिथे मात्र संहिता तो चालवून घेते.

शीटच्या सांध्यांवर उंचवटे उठले असतील तर बहुधा फट सोडलेली नसते. ओलाव्याने लाकूड फुगते, म्हणून उत्पादक कडांमध्ये 1/8 इंच, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर जागा सोडायला सांगतात.

खिळ्यांचे अंतर कडांवर 6 इंच असते. मधल्या आधारांवर जुन्या आवृत्त्यांत 12 इंच चालत असे, पण नव्या आवृत्तीत ते कमी झाले आहे. त्यामुळे आपल्या गावी लागू असलेल्या आवृत्तीचेच कोष्टक पाहावे, सवयीवर विसंबू नये. खिळ्याचे डोके शीटच्या पृष्ठभागाशी समपातळीत हवे, कारण आत घुसलेले डोके वरचा थर फाडते आणि वाऱ्याच्या उचलीला पकड उरत नाही. वासा चुकलेला खिळा माळ्यावरून चमकताना दिसतो; तो काढून शेजारी, वाशाच्या मध्यावर नवा ठोकावा.