कच्चा बिल्ड फुटला तर? छोट्या गेम डेव्हलपरनी टाळायच्या चुका

२००३ मध्ये 'हाफ-लाइफ २'चा सोर्स कोड चोरीला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये 'जीटीए ६'चे कच्चे व्हिडिओ नेटवर आले. दोन्ही कंपन्या तरल्या, कारण पैसा होता, वकील होते आणि लोक त्या गेमची वाट बघतच राहिले. नाशिकच्या कॉलेज रोड किंवा इंदिरानगरच्या भाड्याच्या खोलीत दोघा-तिघांनी खपून केलेल्या गेमला ही सोय नसते. अशा गेमचं नाव लोकांना पहिल्यांदा कळतं तेच टेलिग्रामवरच्या अर्धवट झिपमधून. फ्रेमरेट अडखळतोय, संगीत तात्पुरतं आहे, तिसऱ्या लेव्हलला क्रॅश होतंय, आणि खेळणाऱ्याच्या लेखी तोच तुमचा गेम.

बिल्ड, म्हणजे गेमची चालवता येणारी प्रत, फुटणं शंभर टक्के कुणालाच थांबवता येत नाही. पण जे फुटेल त्यात चोरण्याजोगं फारसं नसावं आणि ते कुणाच्या हातून गेलं हे सांगता यावं, एवढी तजवीज दोन माणसांच्या टीमलाही जमते.

सगळ्यांना एकच लिंक

गूगल ड्राइव्हवर झिप चढवायची, 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय निवडायचा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून द्यायची, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. नाशिकसारख्या शहरात टेस्टर म्हणजे कॉलेजचे ज्युनिअर, मामेभाऊ, शेजारचा मुलगा. 'ओळखीतलाच आहे' म्हणून कुणी नोंद ठेवत नाही. त्यातल्या कुणाचा हेतू वाईट असतो असंही नाही. एकजण कौतुकाने मित्राला पाठवतो, मित्र गेमिंगच्या चॅनेलवर टाकतो, आणि मग माग काढायला काही उरत नाही.

पीसी गेमसाठी इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर पान 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा आणि प्रत्येकाला वेगळी डाउनलोड की (उतरवण्याचा स्वतंत्र कोड) द्या. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात असाल तर तिथला 'प्लेटेस्ट' हा चाचणीचा प्रकार वापरा. त्याचा अ‍ॅप आयडी मूळ गेमहून वेगळा असतो, त्यावर रिव्ह्यू पडत नाहीत आणि चाचणी संपली की दार बंद करता येतं. टेस्टरला मूळ गेमची की देऊ नका, कारण त्या कीने गेम त्याच्या लायब्ररीत कायमचा जातो. अँड्रॉइडचा एपीके (अ‍ॅपची फाइल) हातोहात पाठवण्यापेक्षा गूगलच्या प्ले कन्सोलचं 'इंटर्नल टेस्टिंग' बरं, तिथे १०० टेस्टरपर्यंत ईमेलनुसार परवानगी देता येते.

आपण मोठे यूट्यूबर किंवा क्युरेटर (स्टीमवर गेमची शिफारस करणारे) आहोत असं सांगून की मागणारे ईमेल हा आणखी एक रस्ता. चॅनेलच्या माहितीत दिलेल्या पत्त्यावर तुम्ही स्वतः ईमेल करून खात्री करा. क्युरेटरला की न देता स्टीमच्या 'क्युरेटर कनेक्ट'मधूनच गेम पाठवा.

बिल्डवर खूण नसणे

प्रत्येक टेस्टरचा बिल्ड थोडा वेगळा हवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ना-०७, बिल्ड ०.४.२' असा दिसणारा कोड ठेवाच. नुसतं ते बघूनही बरेचजण फाइल पुढे पाठवायला कचरतात. मात्र व्हिडिओ कापला की तो कोड जातो, म्हणून दुसरी खूण दृश्यातच लपवावी लागते. एखाद-दोन पिक्सेलचा रंग बदलण्याची युक्ती इथे फसते, कारण व्हिडिओ कॉम्प्रेस होताना एवढा बारीक फरक पुसला जातो. वस्तूंची मांडणी मात्र टिकते.

समजा पहिल्या लेव्हलमध्ये घाटाची भिंत आहे आणि तिच्यात पाच कोनाडे आहेत. कोणत्या कोनाड्यात दिवा पेटलेला आणि कोणत्यात विझलेला, एवढ्यावर ३२ वेगवेगळ्या जोडण्या होतात. म्हणजे ३२ टेस्टर झाले. कुणी मोबाइलने स्क्रीनचा धूसर व्हिडिओ काढला तरी दिवे मोजता येतात. कॅमेरा त्या भिंतीवरून सुरुवातीच्या मिनिटभरातच जाईल असं बघा, कारण व्हायरल होणाऱ्या क्लिप बहुधा सुरुवातीच्याच असतात.

हे बिल्ड हाताने एकेक करून काढू नका. दहाव्याला गोंधळ होतो आणि निरपराध माणसावर आळ येतो. बिल्ड स्क्रिप्टला टेस्टरचा क्रमांक द्या आणि तिच्याकडूनच सगळे काढून घ्या. एका शीटमध्ये चार रकाने पुरतात: टेस्टरचा कोड, बिल्ड क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि झिपचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या ठशासारखा कोड). हॅश विंडोजमधल्या पॉवरशेलच्या 'गेट-फाइलहॅश' आज्ञेने काही सेकंदांत मिळतो.

आत काय गेलंय हे न बघणे

खरं नुकसान इथे होतं, म्हणून याला वेळ द्या. युनिटी या गेम इंजिनचा बिल्ड मोनो पद्धतीने काढला असेल तर डेटा फोल्डरमधल्या 'मॅनेज्ड'मध्ये 'असेम्ब्ली-सीशार्प' नावाची डीएलएल (कोडची फाइल) असते. ती डीएनस्पायसारख्या मोफत टूलमध्ये उघडली की तुमचा कोड फंक्शनच्या नावांसकट जवळजवळ जसाच्या तसा वाचता येतो. बाहेर देण्याचा प्रत्येक बिल्ड आयएलटूसीपीपी या युनिटीच्याच दुसऱ्या पद्धतीने काढा. तोही अभेद्य नाही, पण कोड सहज वाचता येत नाही. 'डेव्हलपमेंट बिल्ड'ची खूण काढली का तेही तपासा. नावात 'डू नॉट शिप' किंवा 'डोन्ट शिप' असलेली फोल्डर झिपमध्ये गेली तर तुमचं अर्धं संरक्षण तिथेच गेलं. पीडीबी (डीबगिंगसाठीची) फाइलही वगळा. तिच्यात तुमच्या मशीनवरचा पूर्ण पाथ असतो आणि विंडोज युजरचं नाव म्हणजे बहुधा तुमचं खरं नाव.

दुसरी गफलत 'रिसोर्सेस' फोल्डरची. युनिटी बिल्डच्या यादीतले सीन आणि त्यांना लागणाऱ्याच वस्तू घेते, पण 'रिसोर्सेस'मधलं सगळं, वापरात असो वा नसो, आत भरते. 'स्ट्रीमिंग अ‍ॅसेट्स' तर जशाच्या तशा कॉपी होतात. टेस्टरला दोनच लेव्हल दिल्या असं तुम्हाला वाटतं आणि शेवटच्या बॉसचं चित्र, संवाद, शेवटाचा व्हिडिओ सगळं झिपमध्ये असतं. कथेवर चालणाऱ्या गेमला हा घाव फार लागतो. चाचणीसाठी वेगळी ब्रँच (प्रोजेक्टची वेगळी शाखा) काढा आणि पुढच्या भागाचा माल त्यातून खरोखर हलवा. सीनची टिक काढून भागत नाही.

गोडो या दुसऱ्या इंजिनमध्ये गेमचा माल ठेवणारी पीसीके फाइल मुळात उघडी असते. ती कुलूपबंद करायची तर स्वतःची की घालून एक्स्पोर्ट टेम्प्लेट नव्याने कंपाइल करावं लागतं. ती कीसुद्धा गेमच्याच फाइलमध्ये राहते, त्यामुळे फायदा एवढाच की चोराला थोडा जास्त वेळ लागतो.

बिल्डमध्ये लिहिलेली कोणतीही की किंवा पासवर्ड जगजाहीर झाला असंच धरा. फायरबेस या ऑनलाइन डेटाबेस सेवेचे नियम 'टेस्ट मोड'वर असतील तर तोवर तुमचा लीडरबोर्ड कुणीही पुसू शकतो. महागडं डीआरएम (कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर) घेण्यापेक्षा तोच वेळ या सफाईला द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुदत न घालणे

प्रत्येक चाचणी बिल्डला मुदत हवी, साधारण २१ दिवस. फक्त मशीनचं घड्याळ तपासलंत तर तारीख मागे करून गेम चालू होतो, म्हणून वेळ सर्व्हरवरून घ्या. वीज किंवा नेट गेलं की प्रामाणिक टेस्टरही अडकतो, म्हणून ७२ तासांची सवलत ठेवा. मुदत संपल्यावर काळा पडदा दाखवू नका. 'हा जुना चाचणी बिल्ड आहे, गेम आता बराच बदललाय' एवढं लिहून स्टोअर पेजची लिंक द्या. फुटलेली फाइल महिन्याभराने उघडणाराही मग योग्य जागी पोहोचतो.

फुटल्यावरची घाई

लिंक दिसल्याबरोबर तक्रार ठोकली तर पान उडतं आणि पुरावाही उडतो. आधी पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फाइल व्हर्च्युअल मशीनमध्येच (संगणकातल्या वेगळ्या, बंदिस्त संगणकात) उतरवा, फुटलेल्या बिल्डमध्ये कुणीतरी मालवेअर घालून ठेवलेलं असू शकतं. तिचा हॅश काढून शीटशी ताडून बघा. जुळला नाही तर फाइल बदललेली आहे, मग दिवे मोजा. न्यायालयात द्यायच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार हॅश नोंदवावा लागतो, त्यामुळे ही मेहनत पुढेही कामी येते. त्याच दिवशी सर्व्हरच्या सगळ्या की बदला.

परदेशी साइटला डीएमसीए (अमेरिकी कॉपीराइट कायदा) नोटीस पाठवा. भारतीय मध्यस्थासाठी (लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या साइट किंवा सेवेसाठी) कॉपीराइट नियम, २०१३ चा नियम ७५ आहे. तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत त्याने मजकूर रोखायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी तुम्हाला लिहून द्यावी लागते. दावा करायची तयारी नसेल तर ही हमी देऊ नका. दाव्यासाठी मुंबई-बंगळुरूला जावं लागतं हा मात्र गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे नाशिकातच, दावा लावता येतो. डेटा चोरीची तक्रार नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवता येते.

संशयिताचं नाव चारचौघात घेऊ नका. खूण चुकीची वाचली असेल तर बदनामीचं प्रकरण तुमच्याच अंगावर येतं.

कागद न करणे

टेस्टरने गोपनीयतेचं एक पान ईमेलवर मान्य केलं तरी चालतं, आयटी कायद्याचं कलम १०-अ अशा कराराला मान्यता देतं. पण १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल. अकरावी-बारावीच्या पोरांना फाइल देऊ नका, समोर बसवून तुमच्याच लॅपटॉपवर खेळवा. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल लावाल तर तिथल्या मशीनचे यूएसबी पोर्ट बंद ठेवा.

फ्रीलान्स चित्रकार आणि संगीतकाराकडून हक्क लेखी घ्या. करारात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. फुटलेल्या संगीतावर नोटीस पाठवताना मालक कोण, हा पहिला प्रश्न येतो.

खेळाडूंशी न बोलणे

गप्प बसलात तर अफवा भरते. २४ तासांच्या आत चार ओळींचं निवेदन द्या: फिरतोय तो बिल्ड अमुक महिन्याचा आहे, तो आम्ही दिलेला नाही, त्यात मालवेअर असू शकतं, गेम फक्त या पानावरून घ्या. लीकची लिंक किंवा चॅनेलचं नाव त्यात घालू नका. ज्यांनी उतरवला त्यांच्यावर डाफरू नका, त्यातले बरेचजण उद्याचे गिऱ्हाईक असतात. प्रकाशकाशी बोलणी चालू असतील तर त्याला हे निवेदनाच्या आधी तुमच्याकडूनच कळू द्या. मग पंधरवड्यात एखादी स्वच्छ लेव्हल निवडून अधिकृत डेमो स्टोअर पेजवर लावा, म्हणजे लोकांसमोर निदान तुलनेला काहीतरी राहील.