हवाईच्या पिवळ्या तोंडाच्या मधमाश्या ओळखण्यासाठी जाण्यापूर्वी

परवान्यापासून सुरुवात करावी. हवाई बेटांच्या मूळच्या मधमाश्या म्हणजे हायलेयस या एकाच प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातील, साठाहून अधिक जाती. त्या जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत आणि त्यांपैकी ७ जातींना २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने संकटग्रस्त ठरवले आहे. राज्याचा परवाना आणि या सात जातींसाठी केंद्राची वेगळी परवानगी हाती आल्याशिवाय जाळे भरण्यातही अर्थ नाही. जाळे, कुप्या, टोपी, पाणी यांबद्दल सांगत बसत नाही.

सर्वांत महत्त्वाची वस्तू सर्वांत लहान आहे: टोक वाकवून आकडा केलेली अगदी बारीक टाचणी. या माश्यांच्या अंगावर केस जवळजवळ नसतात, पराग त्या पायांना लावून न नेता गिळून नेतात, त्यामुळे लांबून त्या लहानशा गांधीलमाशीसारख्या दिसतात. त्यातून पुष्कळ जातींच्या माद्या नुसत्या काळ्या असतात. निवाडा नरावरच करावा लागतो. त्याच्या चेहऱ्यावरचा पिवळा डाग आणि मिशीच्या पहिल्या पेराचा आकार यांवरून अंदाज बांधता येतो, पण जवळच्या जातींत अखेरचा शब्द पोटाच्या टोकात दडलेल्या, खालच्या बाजूच्या सातव्या व आठव्या पट्ट्यांचा आणि जननेंद्रियाचा असतो. हे भाग नर ताजा व लवचीक असतानाच आकड्याने बाहेर ओढावेत आणि तसेच वाळू द्यावेत. एकदा नर कडक झाला की तो दमट डबीत ठेवून मऊ करावा लागतो आणि तरीही त्या पापुद्र्यासारख्या पट्ट्या फाटतात. मागच्या वेळी आकडा घरीच राहिला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दोन आकडे घ्यावेत, एक कुप्यांच्या डबीत आणि एक खिशातल्या पाकिटात.

मारण्यासाठी सायनाइड वापरू नये. त्याने पिवळा रंग लालसर पडू शकतो आणि आपण पाहणार आहोत तो नेमका तोच रंग. इथिल ॲसिटेटने रंग टिकतो, पण डीएनए खराब होऊ शकतो, म्हणून फ्रीझर मिळाल्यास उत्तम. डीएनएसाठी एक पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. आणि त्याच संध्याकाळी आकडा हाती घ्यावा. दिवसभराच्या उन्हानंतर हे काम उद्यावर टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. डीएनए हाताशी असताना ही कटकट कशाला, असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की या माश्यांमध्ये एकाच जिवाच्या अंगात मायटोकाँड्रियाच्या (पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या) जनुकाची एकाहून अधिक रूपे सापडतात, त्यामुळे केवळ बारकोडवर, म्हणजे त्याच जनुकाच्या तुकड्यावर, विसंबून केलेली ओळख फसवू शकते. ज्या नराच्या पट्ट्या बाहेर काढलेल्या आहेत, तो फसवत नाही.

नमुन्याला लावायच्या चिठ्ठीवर बेटाचे नाव स्वतंत्र लिहावे, कारण कित्येक जाती एकाच बेटापुरत्या असतात आणि नुसते ‘हवाई’ लिहिले तर ते राज्य की सर्वांत मोठे बेट, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. उंची आणि फूलही लिहावे. अर्थात बेट कळले म्हणजे जात कळली, असे नाही: ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर हायलेयस अँथ्रासिनस आणि लांबट डोक्याची हायलेयस लाँगिसेप्स या दोन्ही जातींची नोंद आहे. आपल्याच उपखंडातून तेथे पोचलेली हायलेयस स्ट्रेनुअसही ओआहूवर वावरते; तिला मूळची समजू नये.

घरी आल्यावर सूक्ष्मदर्शक, डेली आणि मॅग्नाका यांची २००३ ची ओळखसूची, होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील नमुन्यांशी ताडणी, इतकेच. ज्या माद्यांचे जमत नाही त्यांवर ‘हायलेयस, जाती अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून मोकळे व्हावे. सोबत पकडलेल्या नराचे नाव त्यांना अंदाजाने चिकटवू नये.