गोव्यात स्कूबाचा कोर्स करताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर समुद्र निवळायला लागला की फोन सुरू होतात. "सर, शुक्रवारी रात्री पोहोचतोय, रविवारी संध्याकाळी विमान आहे. तेवढ्यात सर्टिफिकेट होईल ना?"

नाही होणार. तुम्हाला हवं असलेलं पहिलं सर्टिफिकेट, ओपन वॉटर डायव्हर, म्हणजे १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर स्वतःच्या जबाबदारीवर उतरायची परवानगी. त्यासाठी थिअरी, उथळ पाण्यातला सराव, २०० मीटर पोहणं, १० मिनिटं तरंगणं आणि समुद्रातले चार डाइव्ह लागतात. हे चार डाइव्ह एका दिवसात उरकता येत नाहीत. ग्रांडे बेटावर डॉल्फिन, जेवण आणि स्कूबा असं पॅकेज घेतलं, तर इन्स्ट्रक्टर तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवून आणतो. अनुभव छान असतो, पण त्यातून व्हिडिओ मिळतो, सर्टिफिकेट नाही. सुट्टी कमी असेल तर थिअरी आणि पूलचा भाग पुण्या-मुंबईत उरकून रेफरल, म्हणजे तेवढा भाग झाल्याचा कागद, घेऊन या. गोव्यात फक्त समुद्र उरतो. तीन दिवसांचा कोर्स दीड दिवसात करून देतो म्हणणाऱ्याकडे मी माझ्या भावाला पाठवणार नाही.

आता कानांबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा निम्म्यावर येते. ती भरून काढली नाही तर पडदा आत ओढला जातो. लोक दुखेपर्यंत थांबतात आणि मग नाक दाबून जिवाच्या आकांताने फुंकतात. त्यानं आतल्या कानालाही इजा होऊ शकते. माझे विद्यार्थी सकाळी बोटीवरच नाक दाबून, हलकेच फुंकत कान मोकळे करायला लागतात. पाण्यात शिरताच पहिल्या अर्ध्या मीटरवर पुन्हा, मग हातभर खाली गेलं की पुन्हा. मी दोराला धरून, पाय खाली ठेवूनच उतरवतो. दुखलं की मीटरभर वर यायचं. घाई करणाऱ्याला मी सगळ्यांच्या शेवटी उतरवतो.

नाशिकचा एक मुलगा होता, पोहण्यात पटाईत. एसी बसमधून येताना सर्दी झालेली. आरोग्याच्या फॉर्मवर त्यानं सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि नाक मोकळं करायची गोळी घेऊन बोटीवर चढला. उतरताना काहीच त्रास नाही. तळाशी असताना गोळीचा असर ओसरला, नाक-कानाची वाट सुजून बंद झाली आणि वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडेना. वर येईल तसा दाब कमी होतो, हवा फुगते आणि पडद्याला आतून ढकलते. मी त्याला मीटरभर खाली नेत, थांबवत, इंचाइंचानं वर आणलं. टाकीत हवा भरपूर होती म्हणून तेवढा वेळ मिळाला. बोटीवर मास्क काढला तर आत रक्त. उरलेले डाइव्ह बंद, पैसे गेले, कानाच्या डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू. गोळीबद्दल विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही उतरू दिलं नसतं, सर." बरोबर, नसतंच दिलं. सर्दी असेल तर कोर्स पुढे ढकला. फॉर्मवर खरं लिहा, आणि एखाद्या प्रश्नाला 'हो' असेल तर घरूनच डॉक्टरांची सही आणा.

श्वास कधीच रोखू नका. वर येताना फुप्फुसातली हवाही तशीच फुगते.

नव्या मास्कच्या काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवा, म्हणजे धुकं धरणार नाही. मिशीतून पाणी झिरपत असेल तर मिशीची नाकाखालची कड कातरा. आदल्या रात्री दारू नको. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही. जून ते सप्टेंबरचं बुकिंग कुणी घेत असेल तर फोन ठेवा. आणि पाणी अंदमानसारखं निळं नाही म्हणून कुरकुरू नका. पाच-सहा मीटर दिसत असलं तरी शिकायला पुरतं.

परतीचा प्रवास मात्र निघण्याआधीच ठरवा. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या, मी पूर्ण दिवस सांगतो. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा, हवेचा दाब अचानक घटला तर त्याचे बुडबुडे होतात. विमानाचं बहुतेकांना माहीत असतं, घाटाचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी गाडी आंबोली किंवा चोर्ल्याला लावणारे पुणेकर-बेळगावकर मी दर सीझनला थांबवतो. हे घाट ६०० मीटरच्या वर जातात, तिथेही हाच नियम लावा. मुंबईकरांनी कोकण रेल्वेनं खुशाल जावं. बाकीच्यांनी शेवटचा दिवस पणजीत काढावा आणि बसून लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, भरावं: खोली, वेळ, खाली उतरायला किती वजन लावलं, कान कुठल्या मीटरला अडले. पुढच्या बोटीवर इन्स्ट्रक्टर हेच विचारणार आहे.