गॅलेरा क्लस्टरचे पोर्ट: परत येणारा नोड दारात अडू नये म्हणून

समजा, शाहूपुरीतल्या ऑफिसात दोन सर्व्हर, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यात तिसरा, मध्ये व्हीपीएन (दोन जागांमधली खासगी जोडणी), आणि तिघांवर मारियाडीबी या डेटाबेसचा गॅलेरा क्लस्टर चालवायचा आहे, म्हणजे तिन्ही सर्व्हर (नोड) एकच डेटा एकसारखा ठेवतात. पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दरवाजे, चार लागतात. ३३०६ वर ॲप्लिकेशन बोलतं. ४५६७ वर नोड आपसात सतत बोलतात. ४५६८ आयएसटीचा (इन्क्रिमेंटल स्टेट ट्रान्सफर): थोडा वेळ बाहेर राहिलेल्या नोडला तेवढेच राहिलेले बदल मिळतात. ४४४४ एसएसटीचा (स्टेट स्नॅपशॉट ट्रान्सफर): अख्खा डेटा नव्याने येतो.

यात दिशा नीट समजून घ्या. आयएसटी आणि एसएसटीत घेणारा नोड पोर्ट उघडून बसतो, देणारा त्याच्याकडे येतो. पहिला नोड आपण बूटस्ट्रॅप करतो (त्याच्यापासूनच क्लस्टर सुरू करतो), त्याला कुणाकडून काही घ्यावंच लागत नाही. त्यामुळे त्याचा ४४४४ बंद राहिला तरी क्लस्टर महिनोनमहिने सुरळीत चालतो. मग वळवाच्या पावसात लाईट जाते, यूपीएस संपतो, पहिला नोड बंद पडतो आणि परत येताना एसएसटीपाशी अडतो. म्हणून ४५६७, ४५६८ आणि ४४४४ हे तिन्ही टीसीपी पोर्ट तिन्ही सर्व्हरवर उघडा. ४५६७ यूडीपी फक्त मल्टिकास्ट (एकच संदेश एकदम सगळ्या नोडना) वापरत असाल तरच.

फायरवॉलडीत (लिनक्सच्या फायरवॉल सेवेत) यासाठी वेगळा झोन (नियमांचा गट) करा, उरलेल्या दोन नोडचे पत्ते त्यात सोर्स म्हणून घाला आणि हे तीन पोर्ट त्याला द्या. ३३०६ फक्त ॲप्लिकेशन सर्व्हरच्या पत्त्याला. सोर्सवाला झोन इंटरफेसच्या झोनआधी लागतो, म्हणजे नोडमधून नोडवर एसएसएच (दुरून लॉगिन) करत असाल तर ती सेवाही याच झोनमध्ये घालावी लागते, नाहीतर बाहेरच राहाल. ‘परमनंट’ लावलेला नियम रीलोड केल्याशिवाय लागू होत नाही. न लावलेला रीबूटनंतर उडतो.

व्हीपीएनच्या दोन्ही टोकांच्या राउटरवरही हेच पोर्ट दोन्ही दिशांना मोकळे हवेत, आणि मध्ये नॅट (वाटेत पत्ता बदलणं) नको. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील तर गॅलेराच्या ‘डब्ल्यूएसआरईपी नोड ॲड्रेस’ या सेटिंगमध्ये बाकीच्या नोडना पोहोचता येईल तोच पत्ता लिहा; नाहीतर नोड चुकीचा पत्ता सांगतो आणि देणारा भलतीकडेच हाका मारत बसतो. एसई-लिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) चालू असेल तर तिन्ही पोर्टना ‘सेमॅनेज’ कमांडने मायएसक्यूएलचं लेबल द्या. एखादा पोर्ट आधीच दुसऱ्या लेबलखाली नोंदलेला निघाला, तर नवीन नोंद न करता आहे ती बदला.

तपासताना हमखास गफलत होते. ४४४४ वर एरवी कुणीच ऐकत नसतं, ते फक्त एसएसटीपुरतं. म्हणून दुसऱ्या नोडवरून एनसी (नेटकॅट, जोडणी तपासायची कमांड) मारल्यावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर सहसा वाट मोकळी आहे, पलीकडे कुणी बसलेलं नाही एवढंच. ‘नो रूट टू होस्ट’ आलं किंवा नुसतं ताटकळत राहिलं, तर आधी फायरवॉल बघा. खात्री हवी तर मारियाडीबी बंद करून त्या नोडवर एनसी ४४४४ वर ऐकत बसवा आणि पलीकडून एक ओळ पाठवा. ओळ उमटली पाहिजे.

व्हीपीएन तुटला की कारखान्यातला एकटा नोड ‘नॉन-प्रायमरी’ (बहुमताबाहेरचा) होतो आणि क्वेरी नाकारतो. तो बहुमताचा नियम आहे, तेव्हा पोर्टच्या मागे लागू नका. जोडणी सुधारली की तो आपण होऊन परत येतो.

क्लस्टर कामाला लावण्याआधी प्रत्येक नोडवर, पहिल्यावरसुद्धा, दोन चाचण्या घ्या. नोड पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा: लॉगमध्ये आयएसटी दिसलं पाहिजे. मग तो पुन्हा बंद करा, डेटा फोल्डरमधली, नोडची स्थिती नोंदवणारी ‘ग्रास्टेट डॉट डॅट’ फाइल बाजूला काढा आणि चालू करा: आता एसएसटी होईल. क्लस्टर साइज ३, स्टेटस ‘प्रायमरी’ आणि नोड ‘सिंक्ड’ दिसेपर्यंत पुढच्या नोडला हात लावू नका.