पंप खडी चावायला लागला की पाणी साफ होतं

पंपातून खडी चावल्यासारखा आवाज आला की आमचे फिटरकाका धावत येऊन आधी स्विच पाडतात. ‘मॅडम, इंपेलर खाल्ला जाईल!’ इंपेलर म्हणजे पंपातलं फिरतं चाक. त्यांचं बरोबरच आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पंपाला लागलेला रोगच. मला मात्र पाण्यातले जंतू मारायला तोच आवाज हवा होता, फक्त पंपात नको, पुढच्या पाइपात.

बारीक भोकातून पाणी जोरात काढलं की तिथला दाब इतका पडतो की ते न तापताच उकळतं. पुढे दाब सावरला की वाफेचे बुडबुडे फाटकन मिटतात, हेच कॅव्हिटेशन, आणि त्या दणक्यानं जिवाणूंची कवचं फुटतात.

1 एचपीचा सेल्फ-प्रायमिंग पंप, 20 लिटरचं स्टीलचं पिंप, प्रेशर गेज आणि बायपास व्हॉल्व्ह (चकती टाळून पाणी परत पिंपात सोडणारा) घ्या. पाइपाच्या जोडात स्टेनलेसची चकती बसवा, तिला 2 मिमीची 5 भोकं. माझी पहिली चकती ॲल्युमिनियमची होती, थोड्याच दिवसांत भोकांच्या कडा खरबरीत झाल्या. चकतीपुढे हातभर ॲक्रिलिकची नळी लावा, म्हणजे काय चाललंय ते दिसतं. परतीच्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडलेलं हवं, नाहीतर पंप हवा ओढतो आणि दणक्याची धार जाते.

बायपास उघडा ठेवून पंप चालू करा, मग हळूहळू आवळा. गेजवर दाब 1 बारच्या आसपास गेला की नळीत पांढरी रेघ उमटते, 3 बारला दुधाळ झोत. तिथं मिनिटाला साधारण 14 लिटर पाणी फिरतं, म्हणजे तासाभरात चाळीसेक फेऱ्या.

आता माझी फजिती. कॉलेजमागच्या विहिरीचं पाणी दोन तास फिरवलं, दूषित पाण्यानं काळी पडणारी तपासणीची एच२एस बाटली काळी झाली नाही, आणि मी लॅबभर पेढे वाटले. मग कुणीतरी पिंपात थर्मामीटर घातला: 55 अंश! एवढ्या तापमानाला बरेच जंतू तसेही मरतात. म्हणून पिंप गार पाण्याच्या टबात ठेवा आणि पाणी 35 अंशांवर गेलं की थांबा. चकती काढून तितकाच वेळ पंप फिरवायचा, ही जोडतपासणी चुकवू नका. नमुने सुरुवातीला, मग 15, 30 आणि 60 मिनिटांनी घ्या. एच२एस बाटली 24 ते 48 तासांत काळी पडली तर पाणी दूषित. ती फक्त हो-नाही सांगते, म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात नमुना दहापट आणि शंभरपट पातळ करूनही भरा.

काही जण याच झोतात कोल्ड प्लाझ्माही घालतात, म्हणजे विजेच्या ठिणगीनं भारलेला, पण गार वायू. बुडबुड्यांच्या वाफेत ठिणगी पाण्यापेक्षा कमी व्होल्टेजला पडते, आणि तिच्यातून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल ही जंतुमारक रसायनं तयार होतात. पण तरी काही हजार व्होल्ट लागतात, तेही ओल्या हातांच्या जागी. घरी करायचं काम नाही हे. त्यापेक्षा पुण्याच्या एनसीएलची (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ‘स्वस्तिक’ पद्धत वाचा, तिथं कॅव्हिटेशनला नैसर्गिक तेलांची जोड दिली आहे.

पिंपातलं पाणी पिऊ नका. हायड्रॉक्सिल क्षणात संपतं, मागे राखण करायला काही उरत नाही, टाकीत पाणी पुन्हा दूषित होतं. पुरवठ्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावं लागतं, ते याच कारणासाठी.

चकती अधूनमधून काढून भोकाच्या कडेवरून नख फिरवा. कड बोथट लागली की नवी बसवा, आणि पंप लावण्याआधी फिटरकाकांना सांगून ठेवा.